नाकाचं ऑपरेशन झालंय? पहिल्या रात्रीपासून वर्षभर काय काय होतं ते सगळं

माझं नाक कॉलेजात असताना मोडलं. कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्याचं काहीतरी मोडतंच, माझं नाक मोडलं, कॉर्नरला उडी मारली आणि समोरच्याचं कोपर बसलं. तेव्हा बर्फ लावला, दोन दिवस कॉलेज बुडवलं, विषय संपला. पुढची चौदा वर्षं उजवी नाकपुडी जवळजवळ बंद, तोंड उघडं टाकून झोपायचं आणि घोरणं असं की बायको उशी घेऊन हॉलमध्ये. शेवटी गेल्या डिसेंबरात ऑपरेशन करून घेतलं, आतला पडदा सरळ केला आणि वरचं वाकडं हाड पण बसवून घेतलं. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की घरी सोडताना हातात जो कागद दिला त्यावर तीन गोळ्या, एक स्प्रे आणि "आठवड्याने दाखवणे" एवढंच होतं, आणि खरे प्रश्न सुरू झाले रात्री साडेअकराला. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, तुमच्या सर्जननी यातलं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐकायचं, माझं नाही.

आधी तुमचं नेमकं कुठलं ऑपरेशन झालंय ते विचारून घ्या

आपल्याकडं सगळ्यालाच "नाकाचं हाड वाढलंय" म्हणतात. खरं तर वाढलेलं बहुतेक वेळा काही नसतं, दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा वाकलेला असतो. हा पडदा पुढं कूर्चेचा म्हणजे कार्टिलेजचा आणि मागं हाडाचा. तो सरळ करायचं ऑपरेशन म्हणजे सेप्टोप्लास्टी, त्यात बाहेरून काही दिसत नाही, डोळे काळे होत नाहीत, शक्यतो आठ-दहा दिवसात माणूस कामावर. नाकाचा बाहेरचा आकार बदलला तर ती रायनोप्लास्टी, त्यात हाड कापून बसवतात म्हणून वर प्लास्टर असतं, सूज असते, डोळ्याखाली निळं-काळं होतं आणि पथ्य जास्त दिवस पाळायला लागतं. सायनसचं दुर्बिणीतून करतात ते तिसरंच, त्यात नाक धुणं हाच अर्धा इलाज. शेजारच्या काकांना तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तुम्हाला वाटेलच असं नाही, काकांचं कुठलं झालं होतं ते आधी बघा.

ऑपरेशनच्या आधीच घरात काय करून ठेवायचं

तारीख हातात असेल तर जरा डोकं लावून ठरवा. जोतिबाची चैत्र यात्रा आणि रंगपंचमी या दोन्हीच्या आधीचा महिना टाळा, गुलालाचा एक ढग नाकात गेला की काय होईल विचार करा, आणि तुम्ही लांब उभारला तरी मित्र सोडत नाहीत. गावाकडं राहणाऱ्यांनी गुऱ्हाळाचा धूर आणि पाचट पेटवायचे दिवस पण बघावेत. मी डिसेंबर निवडला, माझंच चुकलं, सकाळच्या गार कोरड्या हवेनं आतल्या खपल्या अशा कडक व्हायच्या की विचारू नका.

चंदगड, आजरा, गगनबावड्याकडून येणाऱ्यांनी पॅकिंग (रक्त थांबायला नाकात भरतात ते) निघेपर्यंत तरी शहरात पाहुण्यांकडं राहावं. रात्री रक्त आलं आणि मध्ये घाट असला तर जीव टांगणीला लागतो.

कपाटातले टी-शर्ट बाजूला ठेवा, पुढून बटणाचे शर्ट काढा. डोक्यातून कपडा घालताना नाकाला धक्का बसतोच बसतो. दोन-तीन उश्या, ओठाला लावायला व्हॅसलीन (तोंडानं श्वास घेऊन ओठ फुटतात), गॉजच्या घड्या, पेपर टेप, पाण्याची बाटली हाताशी. तंबाखू, मावा, सिगरेट, म्हाताऱ्या माणसांची मिशरी आणि तपकीर हे सगळं ऑपरेशनच्या आधी काही आठवडे आणि नंतरही बंद. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्त पोचत नाही. तंबाखूची निपाणी आपल्याला जवळ आहे हे मला माहीत आहे, तरी बंद. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची कुठलीही गोळी चालू असेल तर डॉक्टरना आधीच सांगा, ती आपल्या मनानं बंद पण करू नका आणि चालू पण ठेवू नका.

पहिली रात्र

ही सगळ्यात वाईट, आणि दुखतं म्हणून नाही. दुखणं माझ्या मानानं कमीच होतं, कपाळ जड आणि पुढचे दात ठणकल्यासारखे, बास. त्रास होतो तो नाक पूर्ण बंद असण्याचा. दोन्हीकडं पॅकिंग भरलेलं, गिळताना कानात दडा बसतो, घसा कोरडा पडतो, डुलकी लागली की दचकून जाग येते आणि वाटतं श्वासच बंद पडला. पडत नाही. तोंड उघडं आहे तोवर हवा येणारच आहे, हे मी स्वतःला रात्रभर सांगत होतो. बायकोनं ओला रुमाल तोंडाजवळ धरला तेव्हा जरा बरं वाटलं, थोडं थोडं पाणी पीत राहायचं.

डोकं उंच ठेवून झोपायचं, ३० ते ४५ अंशात, म्हणजे दोन-तीन उश्या रचून किंवा सरळ आरामखुर्चीत. हे पहिले एक-दोन आठवडे तरी. आडवं झोपलं की सूज वाढते आणि रक्त पण झिरपतं.

नाकाखाली मिशीसारखी गॉजची घडी लावलेली असते, ती लालसर गुलाबी होत राहते, पहिला दिवस-दीड दिवस हे चालतंच. बदलायची, मोजायची. दोन-तीन तासात एखादी घडी ओली होतेय तर ठीक, पण दर दहा-पंधरा मिनिटाला चिंब भरतेय तर फोन करा. थोडं रक्त पोटात जातं, त्यामुळं पहिल्या रात्री मळमळ, कधी काळपट उलटी, आणि दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं. माझी आई हे ऐकून देवघरात जाऊन बसली होती. एकदा झालं तर घाबरायचं नाही, परत परत झालं तर कळवायचं.

बर्फ लावायचा तो गालावर आणि डोळ्यांच्या बाजूला, कापडात गुंडाळून, १०-१५ मिनिटं, मग थांबायचं. नाकावर किंवा प्लास्टरवर ठेवायचा नाही. पहिले दोन दिवसच त्याचा उपयोग.

पॅकिंग काढतात तो दिवस

साधारण २४ ते ४८ तासानी काढतात, काही सर्जन भरतच नाहीत किंवा विरघळणारं घालतात. जायच्या आधी थोडं खाऊन जा, आणि डॉक्टरनी चालेल म्हटलं तर तासभर आधी दुखायची गोळी. उपाशी पोटी गेलेला माणूस तिथं खुर्चीतच चक्कर येऊन बसतो, माझ्या आधीच्या नंबरवाल्याचं तेच झालं.

आता खरं सांगतो कसं वाटतं. सिस्टरनी आधी सलाईन टाकून ते भिजवलं, मग डॉक्टर म्हणाले तोंडानं श्वास घ्या, आणि चिमट्यानं ओढायला लागले. मला वाटलं बोटभर कापूस असेल. ते संपतच नव्हतं, कपाळाच्या आतून काहीतरी सरकत येतंय असं वाटलं, दोन्ही डोळ्यातून पाणी घळाघळा, आणि चार-पाच सेकंदात संपलं. दुसऱ्या बाजूला परत तेच. आणि त्यानंतर उजव्या नाकपुडीतून गार हवा आत गेली, चौदा वर्षांनी. मी तिथंच हसायला लागलो, डॉक्टर म्हणाले हसू नका, रक्त येईल.

ही मजा मात्र एका दिवसाची. संध्याकाळपर्यंत आतून सूज येते आणि नाक परत चोंदतं. सगळे इथंच खचतात, "ऑपरेशन फेल गेलं" म्हणून. फेल नाही, आतलं अस्तर सुजलंय, वर खपल्या आहेत. खरा श्वास कळायला तीन-चार आठवडे, आणि पूर्ण बसायला दोन-तीन महिने जातात.

पहिले दोन आठवडे, आणि माझी पांढऱ्या रश्शाची चूक

नियम थोडेच आहेत पण एकही सुटायला नको.

नाक शिंकरायचं नाही. दोन आठवडे अजिबात नाही. शेंबूड आला तर टिपून घ्यायचा, नाहीतर मागं ओढून थुंकायचा, घाण वाटलं तरी.

शिंक दाबायची नाही, तोंड मोठ्ठं उघडून जाऊ द्यायची. एका माणसानं मला नाक चिमटीत धरून शिंक असा सल्ला दिला होता, तो बरोबर उलटा आहे, सगळा दाब आतल्या टाक्यांवर जातो.

वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, गोळ्या आणि कमी खाणं यामुळं बद्धकोष्ठ होतंच, आणि जोर केला की नाकातून धार. पाणी, पपई, भिजवलेले मनुके, लागलं तर डॉक्टरना विचारून पोट साफ होण्याचं औषध.

दुखायला पॅरासिटॅमॉल. घरात पडलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकची गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, रक्त येणं वाढू शकतं. ॲन्टिबायोटिक दिलं असेल तर कोर्स पुरा करा.

गरम पाण्याची बादलीभर अंघोळ, वाफ, फार गरम चहा पहिले काही दिवस नको, कोमट चालेल. मऊ भात, वरण, खिमट, उपमा. मीठ कमी, पापड-लोणच्यानं चेहऱ्याची सूज दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात दिसते.

आणि तिखट. पाचव्या दिवशी मेव्हण्यानं जेवण आणलं. तांबड्याला मी हात लावला नाही, एवढी अक्कल होती, पण पांढरा रस्सा काय, तो तर सौम्य, म्हणून वाटी तोंडाला लावली. मिरी आणि आल्याचा ठसका बसला, डोळ्यात पाणी, नाक वाहायला लागलं, आणि शिंक आली ती मी लाजेखातर तोंड मिटून दिली कारण समोर ताट होतं. पुढच्या क्षणी पांढऱ्या रश्शावर लाल थेंब, एक, दोन, मग मोजायचं सोडलं. मेव्हणा पांढरा पडला, रश्शापेक्षा. पंधरा-वीस मिनिटात थांबलं, पण त्या रात्री परत हॉस्पिटलची पायरी चढलो. तिखटानं नाक वाहतं हे आपण रोज मिसळ खाताना बघतो, फक्त ते आपल्या जखमेला लागू आहे असं वाटत नाही. दोन-तीन आठवडे थांबा, मिसळ कुठं पळून जात नाही.

रक्त आलं तर काय करायचं ते पण लिहून ठेवतो. बसायचं, थोडं पुढं झुकून, मागं मान टाकायची नाही, घशात उतरलेलं गिळायचं नाही, थुंकायचं. फक्त पडद्याचं ऑपरेशन असेल तर नाकाचा खालचा मऊ भाग हलक्या हातानं १०-१५ मिनिटं धरायचा, मध्ये मध्ये सोडून बघायचं नाही. वरचं हाड बसवलेलं असेल तर नाक दाबायचं नाही, मानेवर आणि कपाळावर बर्फ धरायचा आणि डॉक्टरना फोन लावायचा.

नाक धुणं

माझ्या मते औषधांपेक्षा यानंच जास्त काम केलं. डॉक्टरनी सांगितलं त्या दिवसापासून, बहुतेक वेळा पॅकिंग निघाल्यावर, आधी सलाईन स्प्रे दिवसातून चार-सहा वेळा आणि मग बाटलीनं धुणं. मेडिकलमध्ये तयार पुड्या मिळतात. मिठाचं प्रमाण रक्ताच्या जवळचं लागतं, लिटरला ९ ग्रॅम, साधं पाणी टाकलं की झोंबतं.

पाणी उकळून गार केलेलंच, किंवा डिस्टिल्ड. नळाचं, बोअरचं, फिल्टरचं थेट नाही. पोटात गेलेल्या पाण्यातले जंतू पोट मारून टाकतं, नाकात गेलेल्या पाण्यातल्या अमीबाला तसला अडथळा नाही, आणि त्याचा आजार दुर्मिळ असला तरी जीवावरचा आहे. बाटली रोज धुऊन वाळवायची. बेसिनवर थोडं पुढं झुकायचं, तोंड उघडं, एका नाकपुडीतून हळू दाबायचं, दुसरीकडून येतं. जोर करायचा नाही. पहिल्यांदा जी तपकिरी, जेलीसारखी खपली बाहेर पडली ती बघून मी बायकोला हाक मारली, ती म्हणाली फोटो पाठवू नको कुणाला.

खपल्या बोटानं, इअरबडनं, चिमट्यानं काढायच्या नाहीत. त्याच्याखाली नवीन अस्तर येत असतं, ओढलं की परत रक्त आणि पडद्याला भोक पडायचा धोका. आजी तूप सोड, तेल सोड म्हणेल, जखम भरेपर्यंत काही सोडायचं नाही. बंद नाक मोकळं करायचे झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स पण डॉक्टरनी सांगितले तेवढेच दिवस, नाहीतर नाकाला त्याची सवय लागते आणि ते ड्रॉप्सशिवाय उघडतच नाही.

प्लास्टर निघालं आणि आरसा

पडद्याला आधार म्हणून आत सिलिकॉनच्या पट्ट्या असतील तर त्या आणि वरचं प्लास्टर साधारण आठवड्यानं काढतात, बाहेर टाके असले तर ते पण त्याच सुमाराला. त्या दिवशी आरशात जे दिसतं ते तुमचं नाक नाही. माझं तर बटाट्यासारखं होतं, शेंडा वर उचललेला, वरचा ओठ ताठ, हसलो की फक्त गाल हलायचे. सूज आणि निळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग निळं हिरवं होतं, पिवळं होतं, गालावर उतरतं आणि दहा-चौदा दिवसात जातं. मोठी सूज दोन-तीन आठवड्यात उतरते. राहिलेली हळूहळू, शेंड्याची सगळ्यात शेवटी, वर्ष लागतं आणि जाड कातडी असेल तर वर्षाच्या पुढं. एक बाजू आधी उतरते, दुसरी मागून, म्हणून मध्येच नाक वाकडं वाटतं. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. याच कारणानं दुरुस्तीचं ऑपरेशन वर्षाच्या आत शक्यतो कोणी करत नाही.

रोज आरसा बघून वेड लागतं. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच उजेडात समोरून आणि बाजूनं फोटो काढा आणि मोबाईल ठेवून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उगाच रडू येणं, "कशाला केलं" असं वाटणं बऱ्याच जणांना होतं, मला पण झालं, पुरुषासारखा पुरुष भांडी घासताना रडत होता.

आणि लोक बोलणारच. "असलं फॅशनचं ऑपरेशन आपल्यात कुठं होतं" असं एक मामा म्हणाले. त्यांना सांगितलं की १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये पुण्याकडच्या ऑपरेशनची हकीकत छापून आली होती, इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणाऱ्या कावसजीचं टिपूच्या लोकांनी कापलेलं नाक विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी फिरवून परत बनवलं, आणि ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ ला लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं. मामा म्हणाले, भुलीशिवाय? मग गप्प बसले.

काम, गाडी, तालीम

बसून काम असेल तर सात ते दहा दिवस. फौंड्री, गिरणी, सिमेंट, रंगकाम असल्या धुळीच्या ठिकाणी दोन-तीन आठवडे नकोच, नंतर मास्क लावून. चालणं दुसऱ्या दिवसापासून चालतं, रंकाळ्याला हळू एक चक्कर मारा, पळू नका. जिम, वजनं तीन-चार आठवड्यानी. पोहणं डॉक्टरनी सांगेपर्यंत नाही. फुटबॉल, कबड्डी किमान सहा आठवडे, हाड बसवलेलं असेल तर जास्त, आणि कुस्तीवाल्यांनी तर वस्तादाला नाही, सर्जनला विचारून आखाड्यात उतरावं.

हेल्मेट विसरू नका. बंद हेल्मेट घालताना नाकावरून घासत जातं, पहिले काही आठवडे दुसऱ्याच्या चारचाकीतून किंवा रिक्षानं जा. हाड बसवलेलं असेल तर चष्मा चार-सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही, काहीजण कपाळाला टेप लावून लटकवतात, विनोदी दिसतं पण चालतं. उन्हात टोपी आणि ३० च्या वरचं सनस्क्रीन, व्रण आणि निळे डाग उन्हानं काळे राहतात. आणि लहान पोरं मांडीवर घेऊ नका. माझ्या दोन वर्षांच्या भाच्यानं तिसऱ्या आठवड्यात प्रेमानं डोकं मारलं, नशीब गालावर बसलं.

हे नॉर्मल आहे

वरच्या पुढच्या दोन दातांना आणि हिरडीला बधिरपणा, कारण पडद्याच्या कडेनं जाणारी नस दुखावते, आठवड्यांत किंवा काही महिन्यांत जातो. नाकाचा शेंडा लाकडासारखा लागणं, तसंच. वास न येणं किंवा कमी येणं, सूज आणि खपल्यांमुळं, काही आठवडे. आवाज चोंदलेला. आतून घाण वास, थोडासा, खपल्यांचा. नाकात टाक्याचा धागा टोचणं, तो ओढू नका, विरघळतो. महिना उलटल्यावरही श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर मात्र दाखवा, पडद्याला बारीक भोक असू शकतं.

यासाठी रात्री दोनला पण फोन करायचा

रक्त १५-२० मिनिटात थांबत नाही, किंवा ताजं लाल रक्त घशात सारखं उतरतंय.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय, दोन्ही नाकपुड्या एकदम बंद, मधला पडदा फुगून मऊ लागतोय. पडद्यात रक्त साठलं असेल तर कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो, थोड्याच दिवसात ती गळते आणि नाक मधून खाली बसतं. याला सकाळची वाट बघायची नाही.

१०१ च्या वर ताप, पू, नाक लालभडक आणि गरम. पॅकिंग आत असताना जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ असं एकत्र आलं तर लगेच निघा.

पुढं वाकलं की एका बाजूनं पाण्यासारखं स्वच्छ, खारट चवीचं थेंब थेंब गळतंय, ते मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. दिसायला अंधुक, दोन दोन दिसणं, डोळा फुगणं. मान ताठ आणि कधी नव्हे एवढी डोकेदुखी. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा दम लागणं. डॉक्टरचा फोन लागला नाही तर वाट न बघता सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि नाकाचं ऑपरेशन कधी झालं ते पहिलं सांगायचं, डिस्चार्जचा कागद खिशात ठेवून.

माझं आता सातवा महिना चालू आहे. शेंडा अजून सकाळी जरा ताठ असतो, डाव्या बाजूला बोट लावलं की कळतं. घोरणं गेलं म्हणत नाही, पण बायको परत आतल्या खोलीत झोपते. मागच्या महिन्यात गंगावेशीत पहाटे दूध प्यायला उभारलो होतो, ग्लास तोंडाजवळ नेला आणि म्हशीच्या कोमट दुधाचा वास सरळ आला, दोन्ही नाकपुड्यातून. पुढची तपासणी डिसेंबरात.